रासायनिक / किरणोत्सर्गी अपघात आणि आपलं हॉस्पिटल : ट्रेनिंग नेमकं कुणाला द्यायचं?

इन्चार्ज_सिस्टर

मंडळी, धागा मोठा आहे, चहा घेऊन बसा.

मी एका औद्योगिक वसाहतीजवळच्या शंभर खाटांच्या रुग्णालयात कॅज्युअल्टीची इन्चार्ज आहे. नोकरीला २३ वर्षं झाली. गेल्या महिन्यात वरून आदेश आला : रासायनिक, जैविक, किरणोत्सर्गी आणि अणुआपत्तीचं ट्रेनिंग स्टाफला द्या, फोटो काढा, अहवाल पाठवा. सोबत ११२ स्लाइड्सचं इंग्रजी प्रेझेंटेशन. पहिल्या स्लाइडवर अणुबॉम्बचा ढग, शेवटच्या स्लाइडवर 'थँक यू'. मधल्या ११० मध्ये दाराबाहेर नळ कुठे असावा यावर एक ओळ नाही.

हे एवढं मनाला का लागलंय ते सांगते. चार वर्षांपूर्वी ऐन जेवणाच्या सुट्टीत एका कारखान्यातले दोन कंत्राटी कामगार टेम्पोतून आले. कपडे ओले आणि अंगातून वाफ निघावी तसा धूर. कुणी काही विचारलं नाही. वॉर्डबॉयने स्ट्रेचर पळवलं ते थेट आत. एसी चालू, खिडक्या बंद. पाच मिनिटांत वॉर्डबॉयला ठसका, मग माझ्या ज्युनिअर सिस्टरचे डोळे चोळणं सुरू, मग ड्युटी डॉक्टर भिंतीला धरून खोकतायत. पलीकडच्या खाटेवर दम्याच्या आजी होत्या, त्यांना सलाइनसकट उचलून व्हरांड्यात नेलं. संध्याकाळी कारखान्याच्या सेफ्टीवाल्याने फोनवर सांगितलं : थायोनिल क्लोराइड. घाम लागला, दमट हवा लागली की त्यातून हायड्रोजन क्लोराइड आणि सल्फर डायऑक्साइड सुटतं. म्हणजे ते दोघे गॅस अंगावर घेऊनच आले होते आणि आम्ही त्यांना बंद खोलीत नेऊन निजवलं. कोणी दगावलं नाही, पण कॅज्युअल्टी तीन तास बंद राहिली.

कपडे शेवटी कोणी काढायला लावले माहितीये? झाडूवाल्या मावशींनी. "अवो आधी त्यांची कापडं काढा की, वास त्यालाच येतोय!" असं त्या दारातून ओरडत होत्या. आम्ही सगळे शिकलेले आत ब्लडप्रेशर मोजत होतो.

तर प्रश्न असा की ट्रेनिंगची सुरुवात कुठून करू? डॉक्टरांपासून, की दारावरच्या माणसापासून?


कोकणी_फणस

पहिली स्लाइड वाचून फुटलो. आमच्याकडे सलाइन लावायला स्टँड नाही, खिडकीच्या गजाला लटकवतात, आणि हे अणुयुद्धाची तयारी करणार. हे सगळं कागदावरचं. फोटो काढा, पाठवा, मोकळ्या व्हा.


तोक्योवासी

@फणस, कागदावरचं म्हणताय म्हणून लिहितो.

२० मार्च १९९५, सोमवार सकाळ. तोक्योच्या भुयारी रेल्वेत पाच गाड्यांमध्ये सरीन नावाचं, मज्जासंस्थेवर घाला घालणारं विष सोडलं गेलं. जवळच सेंट ल्यूक्स इंटरनॅशनल हॉस्पिटल. तिथे त्या एका दिवसात ६४० रुग्ण आले. बरेचसे स्वतःच्या पायांनी किंवा टॅक्सीने. म्हणजे घटनास्थळी आधी धुऊन मग पाठवायचे, हे नियोजन पहिल्या मिनिटालाच गळून पडलं. नेमकं विष कुठलं ते पोलिसांनी जाहीर करायला अकरा वाजले, तोपर्यंत डॉक्टर लक्षणांवरून अंदाज बांधत होते : टाचणीच्या टोकाएवढ्या झालेल्या बाहुल्या, नाक-तोंडातून पाणी.

जागा पुरेना तेव्हा लोकांना हॉस्पिटलच्या प्रार्थनागृहात ठेवलं. ते शक्य झालं कारण १९९२ मध्ये नवी इमारत बांधताना संचालक हिनोहारा शिगेआकी यांनी लॉबीत आणि प्रार्थनागृहाच्या भिंतीतसुद्धा ऑक्सिजनच्या जोडण्या काढून घेतल्या होत्या. तरुणपणी त्यांनी तोक्योवरचे बॉम्बहल्ले पाहिले होते आणि तेव्हा जागा आणि साधनं कशी अपुरी पडली हे ते विसरले नव्हते. तीन वर्षं लोक म्हणत असतील, म्हाताऱ्याला देवघरात ऑक्सिजन कशाला हवा!

पण दुसरी बाजूही सांगतो. कपडे न बदलता लोकांना आत घेतलं, प्रार्थनागृहात हवा खेळती नव्हती, आणि कपड्यांतलं सरीन उडून खोलीत साचत गेलं. नंतर विचारपूस केली तेव्हा ४७२ पैकी ११० कर्मचाऱ्यांना त्रास झाला होता. डोळ्यांपुढे अंधारी, डोकं ठणकणं, मळमळ. सिस्टर, तुमच्या त्या दुपारचंच हे मोठं रूप.


वऱ्हाडी_ठेचा

मी विदर्भातल्या ग्रामीण रुग्णालयात डॉक्टर आहे. आमच्या पोरींना सरीन नावाचं काही माहीत नाही, पण सरीनचा पेशंट त्या रोज सांभाळतात. कसा ते सांगतो.

सरीन १९३८ साली जर्मनीत सापडलं ते कीटकनाशक शोधता शोधता. शेतातलं ऑर्गॅनोफॉस्फरस औषध आणि ते एकाच घराण्यातले, फक्त सरीन त्यातला गुंड. बाहुल्या बारीक, तोंडाला फेस, छातीत घरघर, घाम, हगवण, ही लक्षणं आमच्या सिस्टरांना झोपेतून उठवून विचारलं तरी पाठ. २०१७ च्या कपाशी हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करता करता वीसहून जास्त शेतकरी-शेतमजूर गेले, तेव्हा तर वॉर्डात खाटा कमी पडल्या होत्या.

ॲट्रोपिन, म्हणजे या विषावरचा उतारा, कसं द्यायचं? पहिला डोस, पाच मिनिटं थांब, छाती ऐक, घरघर आहे? मग दुप्पट. पुन्हा पाच मिनिटं. छाती कोरडी होईस्तोवर. ०.६ मिलिग्रॅमच्या ॲम्प्युल फोडून फोडून बोटं कापतात. बाहुली मोठी झाली म्हणून हात आखडायचा नाही, नाडी वाढली म्हणून घाबरायचं नाही, फुफ्फुस सांगेल तेव्हाच थांबायचं. हे ज्याला येतं त्याला नर्व्ह एजंटचं, म्हणजे सरीनसारख्या विषांचं, निम्मं ट्रेनिंग झालेलं आहे. सिस्टर, स्लाइडवर ढग दाखवण्यापेक्षा तुमच्याच जुन्या केसपेपरवरून सुरुवात करा.

आणि हो, त्या पेशंटचे कपडे पलंगाखाली पिशवीत कोंबून ठेवायची सवय आमच्याकडेही होती. रात्रपाळीच्या सिस्टरचं डोकं का दुखतं ते कळायला आम्हाला दोन हंगाम लागले, काय सांगू.


लाल_बंब (निवृत्त)

अग्निशमन दलात आयुष्य गेलं. दारावरच्या माणसाबद्दल दोन गोष्टी.

एक, टँकरच्या पाठीमागे चौकटीत चार आकडी नंबर असतो. १०१७ म्हणजे क्लोरीन, १००५ अमोनिया, १२०३ पेट्रोल. पेशंट घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरला "काय सांडलं?" विचारलं तर तो "केमिकल" म्हणतो. "गाडीच्या मागचा नंबर काय होता?" विचारलं तर मोबाइलमधला फोटो दाखवतो. हल्ली प्रत्येक जण आधी फोटो काढतो, मग पळतो. त्याचा उपयोग करा.

दोन, वारा. मुंबईत शिवडीच्या हाजी बंदरावर वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या सिलिंडरमधून १४ जुलै २०१० ला क्लोरीन गळला, शंभराच्या आसपास लोकांना रुग्णालयांत न्यावं लागलं. क्लोरीन हवेपेक्षा जड. तो खाली बसतो, उतार पकडतो, तळघरात उतरतो. कित्येक नव्या हॉस्पिटलांत कॅज्युअल्टी नेमकी उतारावरून खाली गाडी आणायच्या जागी! नुसत्या क्लोरीन वायूत सापडलेल्या माणसाला मोकळी हवा, कपडे बदल, ऑक्सिजन, नेब्युलायझरचा वाफारा, एवढंच. विषावरचा उतारा-बितारा काही नाही. गच्चीवर एक फडकं बांधून ठेवा, वारा कुठून आहे ते वॉचमनला वर बघून सांगता आलं पाहिजे.


गोंयकार_पात्रांव

+१ लाल_बंब. आमच्याकडे गोव्यात जानेवारी २०१८ मध्ये चिखलीजवळ अमोनियाचा टँकर उलटला. पहाटेची वेळ, गाढ झोपेतल्या लोकांना घराबाहेर काढावं लागलं. नंबर वाचायला पोलिसांना शिकवा असं तेव्हापासून सांगतो आहे. वाखूसा (वाचनखूण साठवली).


चष्मेबद्दूर

मला कोणी सांगेल का, भोपाळला डॉक्टर नव्हते का? ट्रेनिंग नव्हतं म्हणून माणसं मेली हे फार सोपं उत्तर वाटतं.


इन्चार्ज_सिस्टर

@चष्मेबद्दूर, तसं मी म्हणणारच नाही. २ आणि ३ डिसेंबर १९८४ च्या मधल्या रात्री मिथाइल आयसोसायनेट सुटलं ते कारखान्याच्या निष्काळजीपणामुळे, त्याचं पाप डॉक्टर-नर्सच्या माथी कशाला मारायचं? पण हमीदिया रुग्णालयात हजारोंनी माणसं येत होती आणि कशाने जळतायत हे तिथल्या कोणालाच धड माहीत नव्हतं. कारखान्याकडून हे अश्रुधुरासारखं आहे, डोळे पाण्याने धुवा, एवढंच कळत होतं. मग सोडियम थायोसल्फेट (सायनाइडच्या विषबाधेवरचं औषध) द्यायचं की नाही यावर वाद, तो किती वर्षं चालला. माझ्या दृष्टीने यातला धडा औषधाचा नाहीच. कारखान्यात काय साठवलंय त्याची यादी आधी हॉस्पिटलात असायला हवी. १९८९ च्या घातक रसायनांच्या नियमांनुसार कारखान्याबाहेरच्या आपत्तीचा आराखडा करावा लागतो, वर्षातून एकदा सरावही घ्यावा लागतो. आमच्याकडे त्या सरावाला आम्हाला बोलावतात ते ॲम्ब्युलन्स उभी करायला.


निळी_गोळी

अणुखात्यातून निवृत्त. किरणोत्सर्गाचं मी सांगतो, कारण त्यात हॉस्पिटलवाल्यांची भीती सगळ्यात मोठी आणि धोका बहुतेक वेळा सगळ्यात लहान.

दोन माणसं डोळ्यांपुढे आणा. एक एक्स-रे काढून आलेला. त्याच्या अंगातून किरणं गेली, संपलं. त्याला हात लावल्याने तुम्हाला काही होत नाही, डोस कितीही मोठा असो. दुसरा रंगपंचमी खेळून आलेला. त्याच्या अंगावर रंग आहे, तो तुमच्या हाताला, दाराच्या कडीला, केसपेपरला लागणार. पहिला नुसता किरणं लागलेला, दुसरा किरणोत्सर्गी धूळ अंगावर असलेला. एवढा फरक ज्या सिस्टरला कळला ती पळून जात नाही. दुसऱ्याचेही कपडे काढले, अंग साबण-पाण्याने धुतलं की बहुतेक काम झालं. रक्त वाहत असेल तर आधी रक्त थांबवायचं, धूळ नंतर. दोन ग्लोव्हज, मास्क, प्लास्टिक ॲप्रन पुरतात.

आता खरी अडचण ओळखण्याची. ब्राझीलमध्ये गोइयानिया शहरात सप्टेंबर १९८७ मध्ये बंद पडलेल्या दवाखान्यातलं सीझियम-१३७ चं यंत्र भंगारात गेलं. आतली पूड अंधारात निळी चमकते म्हणून लोकांनी घरी नेली, अंगाला फासली. उलट्या-जुलाब घेऊन माणसं डॉक्टरांकडे गेली आणि कुणाला अन्नातून बाधा, कुणाला उष्ण प्रदेशातला रोग असं निदान मिळालं. शेवटी घरातल्याच एका बाईला संशय आला, तिने ते अवशेष पिशवीत घालून बसने आरोग्य खात्याच्या कचेरीत नेले. तिथे ती पिशवी अंगणात एका खुर्चीवर ठेवून दिली! दुसऱ्या दिवशी मोजायचं यंत्र उसनं घेऊन एक पदार्थवैज्ञानिक आला तर काटा टोकाला. त्याला आधी वाटलं यंत्रच बिघडलंय. पुढे १ लाख १२ हजार लोकांची स्टेडियममध्ये तपासणी झाली, २४९ जणांवर अंश सापडले, चौघे गेले. त्यातली एक सहा वर्षांची पोर.

आपल्याकडे एप्रिल २०१०, दिल्लीचं मायापुरी. विद्यापीठाने लिलावात काढलेलं जुनं कोबाल्ट-६० चं यंत्र भंगारवाल्यांनी कापलं. एक मेला, बाकीचे महिनोन्महिने हॉस्पिटलात.

म्हणून तुमच्या डॉक्टरांना एकच शिकवा : भंगारवाला, उलट्या, भाजल्यासारखे हात, पण आगीची गोष्ट नाही, अशी जोडी दिसली की शंका घ्या. उलटी संपर्कानंतर किती तासांनी झाली ते वेळेसकट लिहा आणि सीबीसी (रक्तातल्या पेशींची मोजणी) पुन्हा पुन्हा करा. लिम्फोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी किती वेगाने घसरतात त्यावरून डोसचा अंदाज येतो. तालुक्याच्या लॅबमध्ये होणारी ही तपासणी आहे.


पालघरची_पोर

@निळी_गोळी काका, तारापूरच्या अणुवीज केंद्राजवळ माहेर आहे. आयोडीनच्या गोळ्या घरात आणून ठेवाव्यात का? आई सारखी विचारते.


निळी_गोळी

आईंना सांगा, ती गोळी फक्त किरणोत्सर्गी आयोडीनपासून फक्त थायरॉइड वाचवते. कोबाल्टवर, सीझियमवर तिचा काही उपयोग नाही. प्रशासन सांगेल तेव्हा आणि तेवढीच. आधीपासून रोज एक खाणारे महाभाग मी पाहिलेत. (सीझियमवर प्रशियन ब्लू नावाचं औषध असतं, निळंच. माझ्या आयडीचं रहस्य उघड झालं.)

सिस्टर, तुमच्यासाठी एक युक्ती. मॉक ड्रिलला खोट्या पेशंटच्या कपड्यांवर कोरडा गुलाल टाका. कोणाला काही समजावून सांगू नका. संपल्यावर गुलाल कुठे कुठे पोचला ते बघा.


सायलेंट_वाचक_२

जैविक राहिलंच. १९९४ ला सुरतेत प्लेग आला तेव्हा लाखो लोक गाव सोडून गेले, त्यात खाजगी डॉक्टरही होते. २०१८ ला केरळात निपाह हा विषाणू आला तेव्हा पेरांब्राच्या तालुका रुग्णालयातली नर्स लिनी, पहिल्या रुग्णांची शुश्रूषा करताना लागण होऊन गेली. तेव्हा कोणाला माहीतही नव्हतं की हा निपाह आहे. खोकणारा तापाचा पेशंट दारातच मास्क लावून वेगळा बसवायचा, एवढं तरी कोविडने शिकवलं असेल असं वाटलं होतं. आमच्या इथे आता पुन्हा सगळे एकाच बाकावर. पीपीई घालताना कोणाला काही होत नाही, घाईघाईत काढताना होतं, हेही विसरलो.


कोकणी_फणस

बरं, माघार घेतो. पण एक व्यवहाराचं विचारू? दारात कपडे काढा म्हणता. नऊवारीतल्या आजींना वॉचमन सांगणार का, साडी सोडा म्हणून? मार खाईल.


इन्चार्ज_सिस्टर

@फणस, या धाग्यावरचा सगळ्यात कामाचा प्रश्न तुम्ही विचारलात.

बायकांचे कपडे बायकांनीच, आडोशाला. आम्ही जुन्या चादरींचे दोन पडदे शिवून घेतलेत, नायलॉनच्या दोरीवर सरकणारे. बदली कपडे म्हणून पेशंटचे गाऊन कमी पडतात, म्हणून स्टाफकडून जुने मॅक्सी आणि लुंग्या गोळा केल्या. साडी डोक्यावरून काढायची नाही, टी-शर्टही नाही, कात्रीने कापायचा, नाहीतर सगळं नाका-डोळ्यांवरून जातं. माणसं कपडे देत नाहीत त्याचं खरं कारण लाज नसते, खिशातला पगार आणि मोबाइल असतो. तेव्हा पारदर्शक पिशवी, त्यावर नंबर, तोच नंबर पेशंटच्या मनगटाला. मंगळसूत्र काढायला लावायचं नाही, धुवायचं. यावर मावशींशी तासभर चर्चा झाली, डॉक्टरांशी दहा मिनिटं.

कपडे काढल्याने ८० ते ९० टक्के रसायन जातं असं सांगतात. कपड्याने अंग किती झाकलं होतं त्यावर हा आकडा बदलणार, पण बादलीभर पाणी ओतण्याआधी कात्री हातात घ्यावी हे नक्की.


इन्चार्ज_सिस्टर

काल ड्रिल झालं. प्रेझेंटेशन दाखवलंच नाही, काय कारवाई व्हायची ती होवो.

नर्सिंगच्या सहा विद्यार्थिनी पेशंट झाल्या, कपड्यांवर गुलाल. रिक्षातून उतरून "केमिकल सांडलं" म्हणत दाराशी. पहिला वॉचमन एजन्सीचा, आठवडाच झालेला, त्याने अदबीने दार उघडून धरलं. नळाच्या पेटीला कुलूप, किल्ली स्टोअरकीपरकडे, स्टोअरकीपर रजेवर. अकरा मिनिटं गेली. तेवढ्यात आमचे एक डॉक्टर स्टेथो घेऊन थेट पेशंटकडे निघाले, तर मावशी झाडू आडवा धरून उभ्या. "सायेब, आदुगर कापडं." डॉक्टर थांबले. हसले पण थांबले.

गुलाल सापडला तो असा : स्ट्रेचरच्या दांड्यावर, केसपेपरवर, नोंदणीच्या खिडकीतल्या माउसवर, माझ्या स्वतःच्या चष्म्याच्या काडीवर, आणि दोन मजले वर कँटीनमधल्या एका कपाच्या कानावर. तिथे कोण गेलं होतं ते अजून कबूल झालेलं नाही.

आता कुलूप काढून टाकलंय. वॉचमन दर तीन महिन्यांनी बदलतो, म्हणून त्याच्या खुर्चीमागे मराठी-हिंदीत पाटी लावतेय. मसुदा देते, सुधारा :

"अंगाला वास, धूर, पूड किंवा ओलं केमिकल असेल तर आत सोडू नका. बेल दाबा. पेशंटला झाडाखाली उभं करा. गाडीचा नंबर-फोटो विचारा. कपडे, मग पाणी, मग आत. श्वास बंद पडत असेल तर सिस्टरला हाक मारा, थांबू नका."


लाल_बंब (निवृत्त)

झाड वाऱ्याच्या वरच्या अंगाला आहे ना?


इन्चार्ज_सिस्टर

पावसाळ्यात हो. हिवाळ्यात उलटं. पाटी दोरीने बांधते, खिळे नको.


वऱ्हाडी_ठेचा

नळ केवढ्याचा आहे? आमच्याकडे उन्हाळ्यात टँकरवर दिवस काढतो, अर्ध्या इंची पाइपला धारच येत नाही.


इन्चार्ज_सिस्टर

पाऊण इंच. वरच्या टाकीतून वेगळी लाइन घेतलीय, प्लंबर उद्या येतो म्हणालाय. 'उद्या' म्हणजे कधी ते तुम्हाला माहीतच आहे.